मिस्त्री कसा ओळखावा?

मुलांनो, माझा भाऊ टेंभी नाक्यावरून शाळेची व्हॅन चालवतो. एकदा ती फार थरथरू लागली. एका गॅरेजवाल्यानं खाली न वाकताच सांगितलं, “इंजिन उतरवावं लागेल!” दुसऱ्या मिस्त्रीकाकांनी आधी सगळं ऐकलं, मग ते गाडीखाली शिरले. इंजिनाची थरथर शोषून घेणारं रबर फाटलं होतं. त्यामुळे हादरे थेट चासीला, म्हणजे गाडीच्या कण्याला, बसत होते. तिथं केसाएवढी चीर दिसली. “ही पक्की होईपर्यंत मुलं बसवायची नाहीत,” काका म्हणाले. चार दिवस भावाचा धंदा बुडाला. पण काकांनी जुनं रबर त्याच्या हातात ठेवलं आणि तेवढ्याच कामाचे पैसे घेतले.

आईबाबांना सांगा, जो ऐकतो, दाखवतो आणि वेळ आली तर ‘गाडी नेऊ नका’ म्हणतो, तोच खरा मिस्त्री!