राखणावळ

2024 च्या लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि पाठोपाठ पोलीस पाटील नोटीस घेऊन दारात आले. परवान्यावरची बंदूक ठाण्यात जमा करावी. आमच्या सिंधुदुर्गात निवडणूक खरी सुरू होते ती या कागदाने.

माझी बंदूक बारा बोअरची एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वडिलांच्या मागे रीतसर माझ्या नावावर झालेली. या बंदुकांनी कोण काय मारतो यावर वाडीत बरेच विनोद चालतात. माझी तरी आवाजापुरती. काजूत माकडे उतरली की एक बार, भातात डुकरांचा कळप शिरला की रात्री एक बार. गव्यापुढे मात्र त्या आवाजाचेही फारसे चालत नाही, आणि त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा आपणच मागे सरायचे.

ठाण्यात आधीच रांग होती. सगळे माझ्यासारखेच, खांद्यावर टॉवेल आणि हातात परवान्याची झेरॉक्स. हवालदाराने नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसे मोजली, रजिस्टरात नोंद केली आणि घोड्याजवळ सुतळीने चिठ्ठी बांधली. ठेवायचे किती पैसे, असे मी विचारले. "पैशे कसले काकानू? सरकारी काम आसा," तो म्हणाला. मग मागच्या खोलीकडे बघून स्वतःशीच पुटपुटला, "ठेवचां खंय, ता सांगा." तिथे भिंतीला टेकून बंदुका उभ्या होत्या आणि खिडकीखालच्या भिंतीला ओल आली होती.

शस्त्र कायद्यात परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक ठेवण्याचीही सोय आहे. तो राखणावळ घेतो. ठाणे घेत नाही, म्हणून आम्ही ठाण्यात ठेवतो. पण फुकट काहीच नसते. जायचे-यायचे भाडे आणि बुडालेला रोज सोडून द्या. मार्च ते मे म्हणजे काजू आणि आंबा. आमचे मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला. बंदूक ठाण्यात असेपर्यंत माकडांनी काजूची बोंडे चावून टाकली, बिया पाचोळ्यात गेल्या. फटाके लावले, पत्र्याचे डबे वाजवले. माकडे दोन दिवस घाबरली, तिसऱ्या दिवशी डबा वाजवणाऱ्याकडे बघत बसली. शेवटी राखणीला गडी ठेवला. त्याची मजुरी हीच माझ्या बंदुकीची राखणावळ, फक्त तिची पावती मिळाली नाही.

मला राग नोटिशीचा नाही. निवडणुकीत हत्यारे आत असावीत हे कुणालाही पटेल. पण सरसकट गोळा करा असे कुठे म्हटलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 सालच्या एका याचिकेत हाच मुद्दा लावून धरला. प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करायला जिल्ह्यात छाननी समिती असते, ती त्यातूनच आली. गुन्हा दाखल असलेला, जामिनावर सुटलेला, पूर्वी दंगलीत सापडलेला, अशांची बंदूक आधी घ्यावी हा त्यामागचा विचार. बँकेच्या पहारेकऱ्याला सूट मिळते, नेमबाज खेळाडूला मिळते. काजूच्या राखणदाराला मात्र आधी बंदूक ठेवायची आणि मग अर्ज करायचा, असा आमच्याकडचा रिवाज. अर्जाचा निकाल येईस्तोवर बिया संपतात.

निकाल लागून आठवडा उलटल्यावर बंदूक परत मिळाली. तोवर पाऊस धरला होता. नळीच्या तोंडाशी तांबूस गंज, घोडा जड. पोच देताना 'सुस्थितीत मिळाली' या छापील ओळीखाली सही करायची होती. मी सहीच्या वर 'नळीस गंज' असे लिहिले. हवालदाराने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता शिक्का मारला. त्याचाही नाइलाजच होता. त्या खोलीत त्याची स्वतःची रायफलही गंजली असती. तेल, पॉलिश कागद आणि कारागिराचा हात, हा खर्च वेगळा.

15 ऑक्टोबरला विधानसभेची घोषणा झाली. भात पिवळे पडलेले, डुकरांचे दिवस. पुन्हा नोटीस, पुन्हा रांग. या वेळी मी बंदुकीला सढळ हाताने तेल चोपडले आणि जुन्या लुंगीत गुंडाळून नेली. हवालदाराने हरकत घेतली नाही. फक्त लुंगीची नोंद रजिस्टरात कुठल्या रकान्यात करायची, हे त्याला बराच वेळ सुचेना.