बाजा हवा सोडत होता

एका मुलाला मी शाळेच्या बँडमधून काढलं, तेव्हा वहीत कारण लिहिलं होतं, ‘सुराचा कान नाही’. आठवीतला पोरगा, ट्रंपेट वाजवायचा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनात त्याचा सूर घसरला आणि पाहुण्यांसमोर माझी मान खाली गेली.

मी पेटीवाला. जन्म उज्जैनचा, घरात देवासच्या कुमारजींच्या रेकॉर्डी. बँड म्हणजे वरातीचा गोंगाट, हे माझं ठाम मत. शाळेने तो माझ्या गळ्यात मारला, तेव्हा खरेदीचा हिशेबही मीच मांडला : एका चांगल्या ट्रंपेटच्या पैशात स्वस्तातली चार येतात, आणि फुंकणार तर पोरंच. प्राचार्य खूश, मीही.

2024च्या श्रावणात इथे उज्जैनला महाकालाच्या सवारीत पोलिसांचा 350 जणांचा बँड वाजला. (इथला श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, सवारी मात्र दोन्ही पंचांगांचा मान राखून भादव्यापर्यंत निघते.) एवढी माणसं पितळ फुंकतायत आणि सूर फाटत नाही, हे काही मला पचेना. आमच्या गल्लीत पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. पोरांना जरा दम द्या म्हणून त्यांना शाळेत घेऊन गेलो.

त्यांनी पोरांकडे पाहिलंच नाही. एक ट्रंपेट उचललं, तिसऱ्या पिस्टनची नळी पिस्टन न दाबता बाहेर ओढली, क्षणभर थांबले आणि पिस्टन दाबला. काही झालं नाही. मग पिशवीतून स्वतःचं काढून तेच केलं. बाटलीचं बूच निघावं तसा ‘पॉक्’ आवाज आला.

“मास्टरसाब, बच्चे ठीक हैं. बाजा हवा छोड़ रहा है.”

पिस्टन आणि त्याचं नळकांडं यांत केसाएवढीही फट चालत नाही. आमच्या चारही बाज्यांत ती होती. वारा गळला की सूर जागेवर बसत नाही. पोर तो ओठांनी ओढत राहतं, ओठ सुजतात, आणि मास्तर वहीत शेरा मारतो.

मग काकांनी पिस्टनला हात न लावता नुसत्या ओठांनी सूर चढवले. ट्रंपेटचा षड्ज काळी पाच. सा, प, वरचा सा आणि त्यावर गांधार. तो गांधार पेटीतला नव्हता. किंचित उतरलेला, तंबोऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर आपोआप कानावर येतो, तो. ज्या सुरासाठी जन्मभर तंबोरे जुळवले, तो त्या वरातीच्या पितळेत होता. आणि जिच्यापुढे बसून मी पोरांना बेसूर ठरवत होतो, त्या पेटीत तो कधीच नव्हता.

आता शाळेत दोनच ट्रंपेट आहेत, पण चांगली. माउथपीस ज्याचा त्याचा, बाजा आळीपाळीनं. खरेदीला मी स्वतः गेलो आणि प्रत्येक नळी ओढून पाहिली. दुकानदार वैतागला. वैतागू द्या, तुमच्या शाळेसाठी घ्याल तेव्हा तुम्हीही ओढून पाहा.

तो मुलगा हल्ली फ्रीगंजात मोबाईलच्या दुकानात बसतो. मी जाऊन सांगितलं, चूक बाज्याची होती, आणि तो बाजा मी निवडला होता.

“जाऊ द्या सर,” तो म्हणाला, “मला मुळातच सूर नाहीये.”