विदूषकाचें व्रत

विनोद म्हणजे उथळपणा, अशी सुशिक्षितांपैकीं पुष्कळांची समजूत असते. ती खोटी ठरविणारी एक जपानी चित्रमालिका आम्हीं पाहिली. यासुहिरो नाइतो यांच्या चित्रकथेवरून १९९८ सालीं निघालेली ही ‘ट्रायगन’ अवघ्या २६ भागांची आहे. तिचा नायक व्हॅश याच्या शिरावर ६० अब्ज ‘डबल डॉलरां’चें इनाम, तो जाईल तेथें विध्वंस, अशी त्याची ख्याति. हें नुकसान थोपविण्यासाठीं विमाकंपनीच्या दोन तरुणी त्याचा माग काढतात, तों पुढें उभा राहतो डोनटांवर ताव मारणारा एक वेंधळा! धांवपळ होते, गोळ्या सुटतात, आपण हसतों. परंतु हळूहळू ध्यानांत येतें कीं, हा अचूक नेमबाज कोणाचाहि जीव घेत नाहीं. बालपणीं रेम नांवाच्या स्त्रीनें दिलेल्या शिकवणीचें तें व्रत. त्याची किंमत त्यानें अंगभर वागविलेल्या व्रणांनीं चुकविली आहे. अखेरीस इतरांचे प्राण वांचविण्यासाठीं त्याला तें मोडावें लागतें, आणि तो आंतून कोसळतो. आरंभापासून गंभीर असलेल्या वीराचें हें धर्मसंकट आम्हीं दुरूनच पाहिलें असतें. ज्याच्यासंगें इतका वेळ हसलों, त्याचें दुःख मात्र परकें मानतां येत नाहीं.