साठ चुकांची मुभा

वयाच्या ५१ व्या वर्षी मी पुन्हा परीक्षार्थी झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला: ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाही तर सेवा संपली. माझी सात वर्षे उरली आहेत, आणि जुळे सोलापुरातल्या या घराचे हप्तेही.

तेव्हा रात्री भांडी आवरली की मी पुस्तक घेऊन गॅलरीत बसते. पण उघडते ती वही. प्रश्न १५०, गुण १५०, खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ९०. म्हणजे ६० चुकले तरी चालतील! चुकीला गुण कापत नाहीत, आणि प्रत्येक प्रश्नाला पर्याय चार. मग ७० पक्के आले आणि उरलेल्या ८० वर डोळे मिटून बोट ठेवले, तर सरासरीने २० बरोबर यावेत. सत्तर नि वीस नव्वद. हिशेब जमला, आणि माझी मलाच लाज वाटली.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी चौथीतल्या एका मुलाने विचारले होते, "बाई, पस्तिसाला पास, म्हणजे पासष्ट गेले तरी चालतात ना?" मी त्याला तासभर बाकावर उभे केले. वजाबाकी त्याची अगदी बरोबर होती. असला हिशेब करणारे पोर आळशी नसते, भ्यालेले असते, हे मात्र मला तेव्हा कळले नाही.

वही मिटून मी पुस्तक उघडले. पहिलाच विषय बालमानसशास्त्र, गुण ३०.