एकट्या चेलोची जागा

व्हिएन्नाच्या फ्रीडरिख गुल्डाने १९८० साली चेलोवादक हाइनरिख शिफसाठी लिहिलेला कॉन्चेर्तो फुंकवाद्यांच्या ताफ्यासोबत वाजतो. जोडीला गिटार आणि ड्रम्सही. आरंभी रॉकचा दणका, मग डोंगरगावच्या बँडसारखी संथ धून, पुढे मिनुएट, शेवटी मिरवणुकीचा ठेका. ही सगळी भेळ आहे, हा आक्षेप मला पटत नाही. पाच भागांच्या बरोबर मध्ये ताफा थांबतो, चेलो एकटाच उरतो, आणि तिथल्या दोन जागा वादकाने आयत्या वेळी सुचेल तशा भरायच्या असतात. आधीचा गलबला नसता, तर या एकटेपणाला इतकी धार आली नसती. चेलोला ध्वनिवर्धक लावल्याने लाकडाचा मूळ नाद हरवतो, ही तक्रार मात्र मला खोडून काढता येत नाही.