सीमेच्या अलीकडचा हिशोब

बुऱ्हाणपूर

ती. वहिनीस,


भाचा इकडे नोकरीला यायचा आहे म्हणून तुम्ही विचारलंत, ‘मध्य प्रदेशात स्वस्ताई आहे का?’ फोनवर सांगून भागणारं नाही, म्हणून लिहिते.

आधी सरकारकडून काय मिळतं ते. तुम्हाला रावेरला लाडक्या बहिणीचे 1500 जुलै 2024 पासून. इथे लाडली बहनाचे 2023 मध्ये 1000 नं सुरू झाले, मग 1250, आणि नोव्हेंबर 2025 पासून 1500. म्हणजे नणंद-भावजय बरोबरीत. पैसे जमा झाले की मोबाइल वाजतो. जातात तेव्हा मात्र आवाज नसतो.

पेट्रोलच घ्या. इथे राज्याचा व्हॅट 29 टक्के, वर लिटरमागे अडीच रुपये आणि 1 टक्का उपकर. तुमच्याकडे 25 टक्के आणि वर पाच रुपयांहून थोडं जास्त. हे तिकडे आले की टाकी भरूनच परततात, ते काही उगाच नाही. पण खरी मेख टक्क्यात आहे. केंद्राचं शुल्क लिटरमागे ठरलेल्या रुपयांत असतं, राज्याचा मोठा भाग टक्क्यांत. तेल महागलं की कराचा दर न वाढवताही राज्याची कमाई वाढते. आमची ओढाताण होते त्याच महिन्यात तिजोरीची चंगळ! 2021 च्या दिवाळीत इथला व्हॅट 33 वरून 29 वर आणला, हे मान्य. पण महागाईतली भागीदारी काही सुटली नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल जीएसटीत 18 वरून 5 टक्क्यांवर आलं, त्याचं बरं वाटलं. पण 2022 च्या जुलैत पाकीटबंद पिठावर लागलेले 5 टक्के तसेच आहेत. मी गहू निवडून गिरणीतच देते. बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही याचं टीव्हीवर केवढं कौतुक! पावरलूमवर राबणाऱ्याला तो कधी लागलाच नव्हता. त्याचा कर पंपावर आणि किराण्यात जातो.

वाटणं आणि वसुली यावरून आठवलं, 1630 च्या दुष्काळात शहाजहान इथेच मुक्कामाला होता. त्यानं लंगर उघडले, दर सोमवारी 5000 रुपये वाटायला लावले, असं बादशाहनाम्यात आहे. पण त्याचबरोबर शेतसाऱ्यातही सूट दिली. नुसतं वाटून भागत नाही, वसुलीचा हातही आखडावा लागतो, एवढं त्यालाही कळत होतं. आपल्या दोन्ही सरकारांकडे माझं मागणं तेवढंच आहे: पेट्रोलचा भाव एका मर्यादेपुढे चढला की राज्याचा कर टक्क्यांत न घेता ठरलेल्या रुपयांत घ्या.

आता भाच्याच्या कामाचं. इथे महिन्याला 150 युनिटच्या आत वीज वापरली तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपयेच पडतात. घरमालकाच्या मीटरवर राहिला तर दोघांचं मिळून दीडशेच्या वर जाईल आणि सवलत बुडेल. तेव्हा इथल्या लालबागला खोली बघायला आला की भाडं नंतर विचारू दे, आधी मीटर वेगळं आहे का ते विचार म्हणावं.

दादाला नमस्कार.

तुमची,
वन्सं