शिंका म्हणजे नखरे नव्हेत

आमच्या बदलापूरच्या घरातून भाताच्या कणग्या गेल्या, उंदीर गेले, पण मनी मात्र राहिली. सासूबाईंचा तिच्यावर भारी जीव. धाकटी जाऊ लग्न होऊन आली आणि काही दिवसांतच उठल्या-उठल्या दहा-दहा शिंका, लाल डोळे, नाकाला सतत रुमाल! लगेच कुजबुज सुरू झाली, "माहेरी लाडात वाढलेली, नखरे, दुसरं काय!" बिचारी मुकाट्यानं डोळे पुसायची.

शेवटी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हातावर निरनिराळ्या द्रवांचे थेंब ठेवून सुईनं हलकेच टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत दोन ठिकाणी गांधी उठल्या. एक मांजराची, दुसरी घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची.

दोष मांजराच्या केसांचा नसतो बरं का! तिच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं. मनी अंग चाटते, लाळ वाळते, अन् कोंड्याबरोबर ते कण हवेत तरंगतात. काहींचं शरीर त्यांना शत्रू समजून आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार ठेवतं. पुन्हा कण आले, की पेशींतून हिस्टामिन सुटतं. म्हणजे चोर नसताना पहारेकऱ्यानं आळी उठवावी, तसं! ऑस्ट्रियातल्या डॉ. फॉन पिर्के यांनी १९०६ साली अशा प्रकाराला 'ॲलर्जी' हे नाव दिलं.

"मग मांजर देऊन टाका," शेजारणी म्हणाल्या. पण मांजर गेलं तरी ते कण गाद्या-पडद्यांत कित्येक महिने राहतात. शिवाय उल्हासकाठचा आमचा पावसाळा! भिंतींना ओल, गाद्या दमट. धुळीतल्या किड्यांना तेच हवं असतं.

आम्ही मनीचं अंथरूण पडवीत हलवलं. जावेच्या खोलीत तिला पूर्ण मज्जाव. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात, गादीला घट्ट विणीची खोळ. मांजराला हात लावला, की साबणानं हात धुवायचे. डॉक्टरांची औषधंही चालू ठेवली. शिंका अगदी थांबल्या नाहीत, पण जाऊ रात्री शांत झोपू लागली.

मैत्रिणींनो, छातीत घरघर होत असेल, दम लागत असेल, तर काढ्यावर विसंबून राहू नका. लगेच डॉक्टर गाठा. आणि सून शिंकली, तर आधी तिची तपासणी करा. स्वभाव तपासायला जन्म पडलाय!